माईंच्या खांद्यावरची पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो, जीन्सच्या तुकड्यांपासून शिवलेली. माझा एक खिसा गडद निळा, दुसरा फिकट आणि पट्टा चक्क काळा. तरी बदलापूरच्या मांजर्लीत, आमच्या इमारतीत, माझा रुबाब काही औरच आहे.

मला किर्तीताईंनी शिवलं. त्या तळमजल्यावर राहतात आणि उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करतात. एका वर्षी जुलैत नदीचं पाणी त्यांच्या घरात खिडकीपर्यंत चढलं. शेजाऱ्यांनी त्यांचं शिलाई मशीन उचलून वर नेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या माईंनी तर किर्तीताई, त्यांचे यजमान सुजित आणि त्यांची लहानगी मुलगी शलाका यांना नऊ दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं.

दिवाळी जवळ आली. शेजाऱ्यांना काहीतरी द्यावं असं ताईंना फार वाटत होतं. यंदा राहू दे, कोणी वाट बघत नाही, असं सुजितदादा म्हणाले. ताईंना ते पटलं नाही. त्यांनी कारखान्याचे मालक भूपेशशेठ यांच्याकडे कटिंगनंतर उरलेले तुकडे मागितले. शेठनी गोणी भरून दिली आणि “जमलं तर एक पिशवी माझ्या मम्मीसाठीही शिव,” असं सांगितलं.

वर आठ घरं होती. ताई आधी माणूस आठवायच्या, मग कात्री चालवायच्या. रोज दूध आणणाऱ्या हिंदुरावकाकांच्या पिशवीला त्यांनी आतून प्लास्टिकचं अस्तर लावलं. मला मात्र त्यांनी दोनदा उसवलं, कारण मी माईंसाठी होते आणि माई कोणाकडून काही घेत नसत.

पाडव्याच्या सकाळी ताई मला घेऊन वर गेल्या. माझ्यात चिवड्याची पुडी होती. माईंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा कडक झाला.

“किर्ती, नऊ दिवसांची परतफेड करायला आलीस का?”

ताईंनी मला आणखी घट्ट धरलं. 

“नाही माई. तुमच्या एका हातात काठी, दुसरा हात कठड्याला. मग सामान कुठे धरणार? म्हणून तुम्ही बाजारात जायचं सोडलंत, ते मी नऊ दिवस बघितलं. हिला तिरका पट्टा लावलाय. खांद्यात अडकवून बघा ना.”

माईंनी हातातली काठी दाराला टेकवली. मग त्यांनी मान वाकवली आणि ताईंनी मला त्यांच्या खांद्यावर चढवलं.

दुसऱ्या दिवशी माई एकट्या तीन जिने उतरल्या. वर्षभरानंतर! बाजारात त्यांनी वांगी स्वतः दाबून पाहिली, भाजीवालीशी घासाघीस केली आणि कोथिंबिरीची जुडी माझ्यात खोचली. मी आनंदाने फुगले होते.

मध्ये एकदा माईंचा मुलगा यज्ञेश भारीची चामड्याची पर्स घेऊन आला. मी चार महिने दारामागे लटकले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पर्सच्या वजनाने माईंचा खांदा दुखू लागला आणि एका सकाळी त्यांनी मला झटकून पुन्हा खांद्यावर घेतलं. माझा पट्टा उसवला होता. ताईंनी उभ्या उभ्या दोन टाके घालून दिले.

आता माई पहिल्या मजल्यावरच्या बनूबाईंची औषधंही आणतात. मुलांसाठी माझ्या बाहेरच्या खिशात कधी बोरं असतात, कधी शेंगा.

मित्रांनो, शेजाऱ्यांना काही द्यायचं असेल, तर दुकानात शिरण्याआधी त्यांच्याकडे नीट बघा. आणि आमच्यासारख्या वस्तू उसवल्या, तर टाकू नका. दोन टाक्यांत आम्ही पुन्हा कामाला लागतो.

चला, माई चपला घालतायत. मला निघायला हवं.