आमचा म्हणजे कुणाचा?

माझा आवाज मोठा आहे, आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही. मी दवाखान्यात नंबर पुकारते. डॉक्टरांच्या खोलीबाहेर साठ माणसं, त्यातली निम्मी खोकणारी, वर एक-दोन पोरांनी भोकाड पसरलेलं. तिथे गोड आवाजात "सत्तावीस" म्हणून बघा. सत्तावीस नंबरवाला संध्याकाळपर्यंत बसून राहील.

हाच आवाज मी दर शनिवारी लेकीच्या फुटबॉल मॅचला न्यायची. लेक बारा वर्षांची, डाव्या बाजूने खेळते. मी चुन्याच्या रेघेला चिकटून उभी. बॉल बाहेर गेला रे गेला की माझा हात वर आणि तोंडातून "आमचा!" कुणाच्या पायाला लागून गेला ते बघत बसायची आपली पद्धतच नव्हती. बॉल आमचा, फाऊल त्यांचा आणि रेफ्री आंधळा. तीन वर्षं हे झकास चाललं होतं.

मग एका शनिवारी समोरच्या टीमला थ्रो मिळाला. म्हणजे बाहेर गेलेला बॉल हातांनी आत फेकायचा. त्यांची एक पोरगी आमच्या गोलसमोर एकटीच उभी होती, बॉल थेट तिच्याकडे आला आणि तिने गोल केला.

"ऑफसाइड!" मी किंचाळले. सगळ्यांच्या पुढे जाऊन गोलसमोर बॉलची वाट बघत उभं राहायचं नसतं, एवढा नियम मला पाठ होता. रेफ्रीने गोल दिला. झालं, माझं डोकंच सटकलं. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. त्याच्या चष्म्यापासून सुरुवात केली होती एवढं आठवतं. त्याने खेळ थांबवला, चालत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही फाटकाबाहेर जा. तुम्ही गेल्याशिवाय मी शिट्टी वाजवणार नाही." सगळ्या पोरी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. त्यात एक माझी.

घरी येताना ती माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. दारात पोचल्यावर वळली. "आई, यापुढे तू माझ्या मॅचला येऊ नकोस." रडून, आदळआपट करून म्हणाली असती तर मी दोन दिवसांत समजूत काढली असती. अगदी शांतपणे म्हणाली हो.

चार शनिवार मी घरात काढले. कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. लेक चिखलाचे बूट घेऊन घरी यायची, "जिंकलो" किंवा "हरलो" एवढंच सांगायची आणि आंघोळीला जायची. माझा जीव नुसता तुटायचा. पाचव्या आठवड्यात मैदानाच्या फाटकावर कागद दिसला: लहान मुलांच्या मॅचसाठी रेफ्री हवेत, शिकवू.

"मी नाव देते," मी नवऱ्याला सांगितलं. "नियम पाठ करते आणि त्या चष्मेवाल्याला दाखवते."

"तू? रेफ्री?" नवरा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. "अगं, पत्ते खेळताना तू माझे पत्ते बघतेस!"

ते वेगळं. लेकीला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली आणि बुटाची नाडी सोडवत राहिली.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत होता. आणि शिकवायला कोण? तोच! निवृत्त पोस्टमन, तोच चष्मा. त्याने मला ओळखलं, मी त्याला ओळखलं. "बसा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांच्या चपला-बूट मागून घेतले आणि फरशीवर दोन टीम मांडल्या. माझी डावी चप्पल उचलून पार पुढे, गोलसमोर ठेवली. "ही पोरगी इथे एकटी उभी आहे. थ्रोवरून बॉल थेट तिच्याकडे आला. ऑफसाइड आहे?"

"आहे म्हणजे काय! आहेच!" मी म्हणाले.

"नाही. थ्रोवरून थेट आला तर ऑफसाइड नसतो." आणि माझ्याकडे न बघता तो पुढच्या बुटाकडे वळला.

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. आख्ख्या मैदानासमोर मी ज्या गोलसाठी आकांडतांडव केलं, तो गोल बरोबर होता. लेकीने चार शनिवार मला टाळलं ते एका चुकीच्या नियमापायी. वर्ग सुटल्यावर मी त्याच्याकडे गेले. "त्या दिवशी माझं चुकलं," एवढंच कसंबसं म्हणाले.

"चप्पल घाला, बाई," तो म्हणाला. "आणि मैदानात शिट्टी जोरात वाजवा. चुकलात तरी जोरात. तुम्हाला काही ते जड जायचं नाही."

माझी पहिली मॅच नऊ वर्षांच्या पोरांची होती. लाल विरुद्ध पिवळे. काळा टी-शर्ट, खिशात कार्डं, मनगटावर घड्याळ. तिसऱ्याच मिनिटाला बॉल बाहेर गेला. मी कडक शिट्टी मारली, हात ताठ वर केला आणि खणखणीत आवाजात निकाल दिला:

"आमचा!"

एक इवलासा पिवळा माझ्याजवळ आला आणि तोंड वर करून म्हणाला, "रेफ्री, आमचा म्हणजे कुणाचा?"

पोट धरधरून हसले सगळे. दोन्ही कोच हसले, गोलकीपर खाली बसून हसला. "पिवळ्यांचा," मी म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या दिवसापासून मैदानावर माझं नाव पडलं 'आमचाबाई'. पडू दे. आठवडाभरात मला ते आवडायलाही लागलं. पण एक खरं सांगते, रेफ्रीच्या जागेवर उभं राहिल्यावर पहिल्यांदाच मला बॉल दिसायला लागला. आधी मला फक्त लेक दिसायची.

सहाव्या मॅचला मी घड्याळ घरी विसरले. नवऱ्याला फोन केला, तर सायकलवरून आली लेक. घड्याळ दिलं. जाईल म्हटलं, तर सायकल झाडाला टेकवून आयाबापांच्या घोळक्यात उभी राहिली. मी घड्याळ दोनदा उलटं बांधलं. डॉक्टर कधी माझ्यामागे उभे राहिले तरी असं होत नाही.

शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. निळ्यांचा थ्रो. एक निळा गोलसमोर एकटा. बॉल थेट त्याच्याकडे, आणि गोल! मी गोल दिला.

"ऑफसाइड!" टोपीवाला एक बाप ओरडला. "अहो बाई, डोळे आहेत की बटणं? घरी जाऊन भांडी घासा!"

मी गप्प राहिले. गप्प राहायला शिकले होते. पण त्याच घोळक्यातून दुसरा आवाज फुटला, अगदी माझ्यासारखा, फक्त बारा वर्षांचा.

"थ्रोवर ऑफसाइड नसतो हो काका! नियम माहीत नाही तर बोलता कशाला? ती आमची आई आहे, तिला सगळं कळतं! तुम्हीच घासा भांडी!"

आणि ती रेघ ओलांडून दोन पावलं मैदानात आली होती. बोट टोपीवाल्याकडे, मान ताठ. दुसऱ्या कुणाचं असतं ते बोट?

मी शिट्टी वाजवली. चालत तिच्यापर्यंत गेले. ऊर भरून आला होता, तिला उचलून घ्यावंसं वाटत होतं. "रेघेच्या मागे व्हा," मी म्हणाले. "आणखी एक शब्द बोललात तर फाटकाबाहेर."

"अगं पण आई..."

"इथे मी रेफ्री आहे."

ती लालबुंद होऊन मागे सरली. मग मी टोपीवाल्यालाही तेच बजावलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हळूच विचारलं, "थ्रोवर खरंच नसतो?" "नसतो," मी म्हणाले. "मलाही उशिराच कळलं."

घरी जाताना लेक सायकल हातात धरून माझ्या शेजारून चालत होती.

"तू मला चक्क अहो-जाहो केलंस," ती म्हणाली.

"तू चक्क मैदानात शिरलीस."

"तो बोलला तेव्हा माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. काही सुचलंच नाही. तुला असंच व्हायचं?"

"दर शनिवारी."

ती हसली. कोपऱ्यावर वळताना म्हणाली, "या शनिवारी चार वाजता आहे माझी मॅच. तू ये. बाकीच्यांच्या आया ओरडतात, आणि मला तुझा आवाजच येत नाही. अजिबात मजा येत नाही."

मी विचारलं, "काय ओरडू?"

"'आमचा' ओरड," लेक म्हणाली. "पण आमचा असेल तेव्हाच."