चऱ्यांत लपलेला धातू

मी एक चुंबकी कांडी बोलतेय. बोटाच्या पेराएवढी, पांढऱ्या प्लॅस्टिकचं कातडं असलेली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खालच्या यंत्रातलं चुंबक फिरलं की फ्लास्कच्या तळाशी मी गरगर फिरते आणि आतलं द्रव्य ढवळते. बोलायला भीती वाटते, कारण माझ्यापायी एका मुलीवर नको ती वेळ आली.

कारखान्यातून आले तेव्हा मी गुळगुळीत होते. पहिली तीन वर्षं एका अबोल विद्यार्थ्याकडे काढली. तो अल्कोहोल आणि अल्डिहाइड ही दोन साधी द्रव्यं जोडून त्यांचं कीटोन बनवायचा. औषधांना, अत्तरांना कीटोन लागतात. पण ही दोघं आपणहून एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मध्ये चिमूटभर धातू पडावा लागतो. तो त्यांचं जुळवून देतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. विद्यार्थ्याचा धातू होता ऱ्होडियम, सोन्याहून महाग. काचेवर घासून माझ्या अंगावर चरे पडले आणि त्यांत तो काळाकुट्ट होऊन बसला.

विद्यार्थी पदवी घेऊन गेला. मी त्याच्या जागी आलेल्या संशोधक मुलीच्या हाती आले; तिला सगळे ताई म्हणत.

ताईला तेच काम स्वस्त लोखंडाकडून करून घ्यायचं होतं. दीड वर्ष हाती काही लागलं नव्हतं. रोज आईचा फोन यायचा, "जमलं का गं?" आणि ही म्हणायची, "नाही गं."

मला घेतलं त्याच दिवशी जमलं! ताई टेबलाभोवती नाचली. भांडी धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, या कांडीचा काळा डाग काही निघत नाही. टाकून देऊ?"

"छे हो मावशी, हिचा पायगुण चांगलाय!"

मला पाय नाहीत, तरी मी लाजले. पण खरं काय ते मला ठाऊक होतं. लोखंड तर तळाशी नुसतं बसून होतं. काम केलं होतं माझ्या चऱ्यांतल्या ऱ्होडियमनं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला गरगरण्यापलीकडे येतं काय?

तिला मार्गदर्शन करणाऱ्या सरांच्या आणि तिच्या नावानं लेख छापून आला. महिन्याभरात दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं, "आम्ही सहा वेळा करून पाहिलं. काहीच होत नाही."

ताईनं सगळं पुन्हा तपासायला घेतलं. तिनं नव्या बाटलीतलं लोखंड घेतलं, द्रावक बदललं, फ्लास्क बदलला. दर वेळी कीटोन मिळालं आणि दर वेळी तिला हायसं वाटलं.  बदलायचं राहिलं होतं ते एकच, मी.

एके सकाळी तिनं मला चिमट्यात धरून उजेडात फिरवलं. डागावर तिची नजर थांबली. मग तिनं लोखंड न घालताच सगळं मांडलं आणि मला आत सोडलं. फ्लास्कखालचं तेल तापू लागलं. आज काही होऊ नये, असं मी मनापासून मागत होते. पण धातूला कुणाची कीव येत नाही. संध्याकाळी तपासणीच्या यंत्रातून निघालेल्या कागदावर कीटोनची रेघ ताठ उभी होती.

ताईनं कागदाची घडी करून खिशात घातली.  मग ती सरांकडे गेली, मला मुठीत घेऊन. 

सगळं ऐकून सरांनी दार लावून घेतलं. "कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

आता सर हे प्रकरण दडपणार असंच मला वाटलं.

"लेख मागे घ्यायचा," ते म्हणाले. "पत्र मी लिहितो. चूक माझी म्हणून लिहितो. जुनी कांडी तुझ्या हातात मी येऊ दिली."

"आणि माझी पदवी, सर?"

"लांबेल. वर्षभर तरी."

 

त्याला आता आठ महिने झाले. मी एका बाटलीत आहे. वर लिहिलंय, 'वापरू नये'. समोरच्या टेबलावर ताई नव्या कोऱ्या कांड्या वापरते. गेल्या आठवड्यात निव्वळ लोखंडानं थोडं कीटोन मिळालं, शंभरातले चार भाग. ती नाचली नाही. तिनं तोच प्रयोग पुन्हा मांडला, मग पुन्हा, दर वेळी नवीच कांडी घेऊन. यश दिसलं की आता ती दचकते. ही भीती तिला माझ्याकडून मिळाली.

ताई कधीतरी इथून जाईल आणि माझी गोष्ट कुणाला ठाऊक नसेल; म्हणून सांगते, या टेबलावर उद्या जो कुणी येईल त्यानं एवढं करावं. माझ्या बाटलीचं झाकण उघडू नये.