डावं कोपर

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मळकटबाईंच्या हाती आलेल्या कपड्याला नऊ तासही मिळत नसत. सिनेमासाठी शिवलेले कोरे कपडे वर्षानुवर्षं वापरल्यासारखे जुने करायचे, हा त्यांचा धंदा. वजरी, किसणी आणि चहाचं पाणी, एवढीच हत्यारं. शिंप्याने जीव ओतून शिवायचं आणि बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत त्यावर किसणी फिरवायची. शिंप्यांशी त्यांचं कधी पटलं नाही, यात नवल ते काय!

त्या वर्षीच्या उत्कृष्ट वेशभूषेचा पुरस्कार मिळालेल्या सिनेमात म्हाताऱ्या मास्तरांचा एक तपकिरी कोट होता. तो बाईंनीच जुना केलेला. कसा करायचा, हे कुणाला विचारावं लागलं नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचा कोट झिजला होता तसाच त्यांनी हा झिजवला. खिशाची कड लोंबलेली, डावं कोपर पार विरलेलं. 'या कोटात माणूस राहून गेलाय,' असं परीक्षकांनी लिहिलं. बाईंनी सिनेमा अकरा वेळा पाहिला. मास्तरांचं शेवटी काय होतं ते त्यांना आजही धड सांगता यायचं नाही. त्या कोट बघायला जायच्या.

पुढे पुरस्काराच्या कपड्यांचं प्रदर्शन ठरलं आणि गोदामातल्या कुणा टापटीप माणसाने कोट धुऊन, रफू करून, वर कडक इस्त्री मारून ठेवला. वेशभूषाकार स्वतः तो घेऊन धावत आला.

"बाई, तुमच्या पाया पडतो. परवा उद्घाटन आहे. होता तसा करून द्या."

"घाबरताय काय एवढे? डोळ्यांसमोर आहे माझ्या."

तो गेल्यावर बाईंनी डोळे मिटले. कोट समोर आला, पण आत तो नट होता. पुन्हा मिटले. पुन्हा तोच, मिशीसकट. नवऱ्याला मिशी कधी नव्हतीच. अकरा वेळा बघून बघून आपणच ह्यांना पुसून टाकलं! त्यांनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, हे डाव्या कोपरावर टेकून कसे बसायचे हो? मला दिसेनासेच झालेत."

"दादा? टेकून? छे गं. तो ताठ बसायचा, शाळेच्या फोटोत बसतात तसा."

"मग कोपर विरलं कशाने?"

नणंद हसली. "वहिनी, तूच नाही का तिथं धरून चालायचीस? जिना उतरताना, रस्ता ओलांडताना. आम्ही किती चिडवायचो तुला! सोड की जरा त्याला, पळून नाही जायचा."

बाईंनी कोट पुतळ्यावर चढवला, शेजारी उभ्या राहिल्या आणि डावं कोपर धरलं. अंगठा आपसूक जागेवर गेला. त्या हलकेच घासत राहिल्या. अशाने कापड विरायला वीस वर्षं लागतात आणि उद्घाटन परवावर आलंय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी वजरी काही त्यांनी हातात घेतली नाही.