चुलीच्या जागी ओटा

पवनारातल्या पन्नासेक घरांतले स्वयंपाकाचे ओटे बापूराव गवंड्याच्या हातचे असतील. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र तीच जुनी विटांची चूल आणि भिंतीत काढलेलं काळंकुट्ट धुराडं. गॅस आला, तोही चुलीशेजारी जमिनीवरच मांडला गेला.

"लोकाइच्या घरी उभ्यानं सैपाक होते, मीच काऊन बसू?" त्यांची बायको तानाबाई विचारायची.

"दिवाळीनंतर करतो," बापूराव म्हणायचे. अशा वीस दिवाळ्या गेल्या.

मग तानाबाईच गेली. तिच्या मागचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे परतले आणि तिसऱ्या दिवशी बापूरावांनी हातोडा काढला.

"बाबा, थांबा ना थोडे दिवस," मुलगा रुपेश म्हणाला.

"थांबून काय करू? करून टाकतो."

चूल अर्ध्या तासात निघाली. विटा जळून पार ठिसूळ झाल्या होत्या. धुराडं फोडताना काजळी अंगावर पडत राहिली. शेजारच्या आनंदाबाई दारात आल्या, डोळे पुसून निघून गेल्या. आपल्यालाही रडू येईल म्हणून बापूराव जरा थांबले. आलं नाही. त्यांनी घमेलं उचललं.

चार दिवसांत ओट्याच्या भिंती उभ्या राहिल्या. फरशी टाकायच्या आधी त्यांनी सुनेला हाक मारली.

"जागृती, उभी राहून पाहाय बरं."

जागृती अंगानं उंच. पोळपाट ठेवला तर तिला कमरेत वाकावं लागलं.

"मामाजी, जरासा ठेंगणा झाला जी."

"माप नोहतं घेतलं का, बाबा?" रुपेशनं विचारलं.

घेतलंच नव्हतं. टेप पिशवीतच होता. हात जिथं थांबला, तिथं थर संपला होता. तानाबाई त्यांच्या खांद्याच्याही खाली यायची.

दोघांकडे न पाहता ते म्हणाले, "एक थर वाढवतो."

जागृतीच्या ध्यानात आलं. "राहू द्या, मामाजी. होते मले सवय."

"नाई. रोजचं काम आहे. पाठ जाते वाकून वाकून."

एवढं बोलूनच ते दमले.

थर वाढला. वर काळी फरशी बसली, सांधे भरले. आठवड्यानं जागृतीनं गॅस ओट्यावर मांडला आणि पहिला चहा बापूरावांना दिला. त्यांनी तो बशीत न ओतताच संपवला. जीभ भाजली, हे कप ठेवल्यावर कळलं.

"आता बरोबर झाला जी," ओट्यावर हात ठेवून ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि थापी धुवायला नळावर गेले. थापी धुतलेलीच होती. त्यांनी ती परत धुतली.