लाईनमन राजाची अब्दागिरी

मी अब्दागिरी बोलतेय. ओळखलं नाहीत ना? राजाला ऊन लागू नये म्हणून लांब दांड्यावर धरतात ते जरीचं पान, ती मी. गावातली पोरं मला सरळ ‘मोठी छत्री’ म्हणतात. म्हणोत बापडी!

आमचं गाव पूर्वेकडच्या भातशेतीच्या मुलखातलं, चोरखमाऱ्याजवळचं. गावचा तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला, त्या वर्षी इथल्या छोट्याशा राजाने मला करवून घेतलं. लाल मखमल, सागाचा दांडा, टोकाला चांदीचा कळस. तीन राजे माझ्या सावलीत मिरवले. चौथे खेमराज. त्यांच्या वेळेला राज्य गेलं. त्यांनी तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन घरच्यांना शपथ घातली, “आता राज लोकांचं. माझ्या घरातलं कोणी राजा म्हणून हिच्याखाली उभं राहणार नाही.”

मग मी कित्येक वर्षं खुंट्यांवर आडवी पडून होते. एका वैशाखात दुलीचंद नावाचा तरणा शेतकरी दारात आला.

“मालक, उद्या वरात हाये. ऊन लय तपून राहिलं. ते छत्री भेटन का?”

खेमराज खळखळून हसले. “भेटन का म्हणजे? आता ही राजाची नाही, गावच्या नवरदेवाची!” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला धरलं. राजाच्या हातात दांडा, शेतकऱ्याच्या डोक्यावर सावली! तेव्हापासून गावचा एकही नवरदेव माझ्यावाचून निघाला नाही. हळदीचे किती डाग पडलेत अंगावर, मोजू नका.

फक्त घरचा नवरदेव तेवढा राहिला. खेमराजांचा मुलगा शपथेला जागून उन्हातच बोहल्यावर गेला. त्याची बायको जमुनाबाई, सोळा सोमवार करणारी, देवभोळी. तिचा योगराज वीज खात्यात लाईनमन झाला. लाईट गेली की गाव ओरडतं, “राजे, चढा!” म्हातारे म्हणतात, “आमचा राजा गादीवर नाही, खांबावर बसते.” योगराज वरूनच उत्तर देतो, “गादीपरीस खांबच उंच हाये, काका!”

भर उन्हात खांबावर चढणाऱ्या लेकाच्या डोक्यावर एकदा तरी घरची सावली पाहायची, एवढंच जमुनाबाईचं मागणं. त्यासाठी चार वर्षांपूर्वी तिने भात सोडला. धानाच्या गावात भात सोडणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला विचारा.

या वैशाखात योगराजचं लग्न ठरलं, कामठ्याच्या पुष्पांजलीशी. वरात निघताना मला बाहेर आणलं, तसा तो बाजूला सरकला.

“आज्याची शपथ हाये, माय. मी नाही मोडत.”

जमुनाबाईने पदराने माझी झालर पुसली. “नोको मोडू, बापा. मी पोळीच खाईन.”

बँड थांबला. माझा जीव कळसात गोळा झाला.

“काऊन रे? वरात काऊन अडली?” ऐंशीचा दुलीचंद काठी टेकत आला. कारण ऐकून त्याने काठीच आपटली. “तुह्या आज्यानं माह्या डोक्यावर ही धरली तवा का म्हणला, ठावं हाये? ही राजाची नाही, गावच्या नवरदेवाची. तुह्या बापाले सांगाची हिंमत नाही झाली माही. तुले सांगतो. तू गावचा नवरदेव नोहे का? का अजून सोताले राजाच समजून राहिला?”

सगळी वरात हसली. योगराज कानापर्यंत लाल झाला. मग मान खाली घालून हळूच माझ्या सावलीत आला. दुलीचंदने काठी टाकून मला उचललं नि तलावाच्या पाळीपर्यंत दांडा दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या सुनेने सासूच्या ताटात वाफाळता भात वाढला. जमुनाबाईने पहिला घास घेतला नि डोळे मिटले.

पुष्पांजली घाबरली. “आई, कच्चा राहिला का?”

“नाही गं बाई. अजून वाढ.”

आता मी खुंट्यांवर नसते, ओसरीत उभी असते. तुमच्याकडे लग्न असेल तर खुशाल न्या. एकच विनंती, मला घरच्याने धरू नये. शेजाऱ्याच्या हाती द्या. सावली तेव्हाच गार पडते.