तीन प्रार्थनांचं अंतर

किण्. फळीवरचा एक कप दुसऱ्याला टेकला आणि रोसाउराबाईंच्या खोलीतली शांतता मोडली.

तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीनं उभी होती. मागच्यांनी टाचा उंचावल्या. टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेली पांढरी परात. कुणी हात लावला नव्हता, वाराही पडलेला. तरी पाण्यावर शहारे उठले.

"आला," रोसाउराबाई डोळे मिटून म्हणाल्या. "निकोलासा, लेक आलाय तुझा. विचार काय ते."

म्हातारी निकोलासा टेबलाशी वाकली. तिचा दागो सात महिन्यांपूर्वी जाळं घेऊन खाजणात गेला, तो परतलाच नाही. होडीही सापडली नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी ती इथे यायची. मागे सून अरेलिस, आणि अरेलिसच्या झग्याची चुणी मुठीत धरून तिची सहा वर्षांची केनिया.

"जिवंत आहेस ना रे बाळा?"

पाणी थरथरतच होतं.

"हललं म्हणजे हो," बाई म्हणाल्या. "तेव्हा मेलेल्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना घालायच्या नाहीत, कितीदा सांगू? जित्या माणसाला मेलेल्यांत बसवलं की तो घरची वाट विसरतो." मग त्यांनी एक डोळा किलकिला केला. "आणखी एक सांगतोय. पोरीला माझ्याकडे ठेवा म्हणतोय. पाण्याजवळ राहील, मेणबत्त्या लावेल, चार भांडी घासेल. येत्या शुक्रवारी पक्कं विचारू. पाणी हललं, की पोर इथे."

"त्याची इच्छा असेल तर..." निकोलासा पुटपुटली.

अरेलिसनं केनियाला जवळ ओढलं. दिवसभर मासे साफ करायचे, रात्रभर दाराशी बसलेल्या सासूला आत आणायचं. भांडायला अंगात जोर उरला नव्हता. आणि खोटं कशाला, पाण्याला तिनंही विचारलं होतं. एकदा नाही, चारदा.

शनिवारी दुपारी ती पाण्यात खांबांवर उभ्या आपल्या घराच्या ओट्यावर धुणं घेऊन बसली. केनियाचा फ्रॉक पिळला, थेंब टबाच्या मधोमध पडला आणि गोल वळी काठाकडे धावली. केनियानं टबाला बाहेरून चापट मारली.

"आई, बघ. थेंब टाकला की गोल बाहेर जातात. टबाला मारलं की काठावरून आत येतात."

अरेलिसचे हात थांबले. बाईंच्या परातीतली वळी काठावरून आत यायची. दागोनं पाण्याला बोट लावलं असतं, तर ती मधून बाहेर गेली असती. म्हणजे पाण्याला कुणी शिवत नव्हतं. अख्खी परातच हलत होती.

पण हलवणार कोण?

तेवढ्यात तिच्याच फळीवर कप वाजले आणि टबातलं पाणी शहारलं. खाली खांबांवर लाटा चुबुक-चुबुक आपटत होत्या. मासळीसाठी बर्फ आणणारी बोट मघाशीच लांबच्या वाटेनं गेली होती, तिचं इंजिनही ऐकू येईनासं झालं होतं. लाटा आत्ता पोचत होत्या.

खांबांवरच्या घरात जन्मलेल्या माणसाच्या पायांना जमीन हललेली कळत नाही. किनाऱ्यावरचा पाहुणा आला की भिंत धरतो, "घर हलतंय" म्हणतो, आणि सगळं गाव हसतं. अरेलिसही हसायची.

रविवारी बोट नसते. ती भरला टब समोर घेऊन बसली, पाणी ढिम्म. सोमवारी बोट समोरून जाताच तिनं मनात 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या 'आमेन'ला कप वाजले. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. रोसाउराबाई दर शुक्रवारी लोकांकडून तीनच प्रार्थना का म्हणवून घेतात, ते तिला कळलं. मागे एकदा बोटीला उशीर झाला होता, तेव्हा बाईंनी झाडून साऱ्या संतांची नावं घ्यायला लावली होती.

शुक्रवारी ती साबणाच्या पाण्याचा टब घेऊनच आली.

"हे काय गं?" बाई म्हणाल्या.

"धुणं राहिलंय."

लोक हसले. तिनं टब टेबलावर, परातीशेजारी ठेवला. बाहेर बोट गेली. बाईंनी प्रार्थना सुरू केली. तिसरं आमेन झालं. किण्.

परात हलली. टबही हलला.

"अरेच्चा," म्हातारा नावाडी प्लिनिओ पुढे झाला. "दागो आता साबणातही यायला लागला की."

"काका, बोटीच्या लाटा आल्यात," अरेलिस म्हणाली. "तीन प्रार्थना लागतात त्यांना इथवर यायला. बाई, आता पुन्हा बोलवा त्याला. बोट गेलीय."

"मेलेला काय नोकर आहे तुझा, हाक मारली की यायला?"

"मेलेला?" निकोलासा म्हणाली.

बाईंनी ओठ चावला. लोकांनीच मग प्रार्थना सुरू केली, मोठ्यानं, तीनदा. दोन्हींतलं पाणी आरशासारखं राहिलं.

"अश्रद्धा घुसली खोलीत," बाई म्हणाल्या. "पळाला तो."

"मग उद्या सकाळी बोलवा. तुमच्या सवडीनं. फक्त बोट यायच्या आधी." अरेलिसचा आवाज चढला नाही. "मला देवाशी भांडायचं नाही. पण पाणी काय करतं ते आपण जन्मभर बघत आलोय. तेवढं तरी आपल्या डोळ्यांनी बघू या. कुणी सांगितलं म्हणून पोरं देऊन नको टाकायला."

निकोलासा परातीत बघत राहिली. मग तिनं केनियाचं बोट धरलं आणि दाराकडे निघाली.

"उद्यापासून प्रार्थनेला बसू आपण," ती सुनेला म्हणाली. "नऊ दिवस. पांढरं कापड आहे ना घरात?"

"आहे, आई."

होडीत म्हातारी पुढे बसली, पाठ करून. अरेलिस दांड्यानं होडी रेटत होती. केनिया मागे पसरत जाणाऱ्या लाटांकडे बघत होती.

"आई, बोट दिसेनाशी झाली तरी तिच्या लाटा नंतर येतातच ना?"

"येतात, बाळा."

"मग बाबाच्या होडीच्या अजून का नाही आल्या?"