अकोल्याचं जेवण

स्वप्निल गेल्यापासून श्रावण तायड्यांच्या घरात पोटाबद्दल कुणी बोलेनासं झालं. कुणाला साधी ढेकर आली तरी बाकीचे मान वर करून बघत. चौतीस वर्षांचा पोरगा, शाळेत खेळाचा शिक्षक, सुपारीचंही व्यसन नाही. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचा. घरच्यांनी आधी ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं, मग डॉक्टरांनी अल्सर म्हणून गोळ्या दिल्या. नागपूरला नेला तोवर जठर चामड्यासारखं ताठ झालं होतं.

माधवी त्याची थोरली बहीण. चांदूर रेल्वेच्या स्टेशनात ती तिकीट खिडकीवर होती. नवरा भुसावळला नोकरीला, म्हणून ती आणि तिची मुलगी समता अमरावतीला वडिलांकडेच राहत. आई कधीच गेली होती. समता बारावीला होती आणि मामावर तिचा फार जीव होता.

तेरवीसारखं काही या घरात करत नसत. बुद्धवंदना झाली, लोक पांगले, आणि मग एक दिवस नागपूरहून फोन आला. स्वप्निलवर जिथे उपचार झाले तिथल्या डॉ. रश्मी अशा घरांवर संशोधन करत होत्या, जिथे पोटाचा कॅन्सर एकाहून जास्त माणसांना गाठतो.

"तुमच्या घरात आणखी कुणी असं गेलंय का? तरुणपणी?" त्यांनी विचारलं.

माधवी म्हणाली, "माझा मोठा भाऊ, मिलिंद. सव्वीसचा होता. पण त्याचं वेगळं आहे, डॉक्टर. त्याला विष दिलं होतं."

"कुणी?"

"आत्यानं," माधवी म्हणाली, आणि फोनवर परक्या बाईला सांगताना ते वाक्य तिला पहिल्यांदाच विचित्र वाटलं.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. आत्या म्हणजे इंदूबाई, श्रावणरावांची थोरली बहीण, अकोल्याला दिलेली. बापाच्या वावराच्या वाटणीवरून बहीणभावात आधीच कुरबूर होती. तिच्या मुलीच्या, शीलाच्या, लग्नाला मिलिंद गेला, पंगतीत जेवला आणि त्याच रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. त्यानंतर त्याच्या अंगाला अन्न लागलंच नाही. चार-पाच महिन्यांत पोरगा संपला. शेजारपाजारचे करणी म्हणाले तेव्हा श्रावणरावांनी त्यांना घराबाहेर काढलं. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरात असलं बोलायचं नाही. पण मग पोरगा गेला कशानं? डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. एसटीत आयुष्य काढलेल्या, हिशेबानं चालणाऱ्या त्या माणसानं स्वतःला पटेल असं कारण शोधलं. ते अकोल्याला गेले, बहिणीच्या अंगणात उभे राहिले आणि साऱ्या मोहल्ल्यासमोर बोलले, "तू माह्या पोराले फवारणीचं औषध चारलं."

त्या दिवसापासून अकोल्याचं जेवण बंद झालं, आणि अकोल्याचं नावही.

माधवीनं रक्त दिलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉ. रश्मींनी तिला समोर बसवून सांगितलं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते बनवणारं जनुक तिच्या घराण्यात बिघडलेलं आहे. ज्याला ते मिळतं त्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका मोठा. शिवाय हा कॅन्सर गाठ करून बसत नाही. अस्तराच्या आतल्या आत एकेकट्या पेशींनी पसरतो, म्हणून पोटात घातलेल्या दुर्बिणीला बरेचदा दिसत नाही.

"मग दिसतो कधी?"

"उशिरा," रश्मी म्हणाल्या. त्यांनी शब्द गोड केला नाही. "म्हणूनच आम्ही जठर आधीच काढून टाकायचा सल्ला देतो. पूर्ण."

"आणि माझी मुलगी?"

"निम्मी शक्यता. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं तिनं ठरवायचं."

हे आईकडून आलं की वडिलांकडून, तेही बघायचं होतं. श्रावणरावांनी बाही वर केली तेव्हा ते निवांत होते. "तुह्या मायकडचं असन," ते म्हणाले. "माह्याकडं काय हाये? एकाहत्तरचा झालो, दगड पचवतो. तूच ऐकून ये काय ते."

माधवी ऐकून आली. ते त्यांच्याकडचंच होतं. घरी आल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा ती "अजून नाही आलं" एवढंच बोलली आणि स्वयंपाकघरात गेली. बाहेरच्या खोलीत ते बातम्या लावून पोळी खात होते, चवीनं, शेवटच्या तुकड्यानं ताटली पुसून. ती दाराआडून बघत राहिली. हा माणूस ठणठणीत होता. त्याच्या आत जे होतं त्यानं त्याला हातही लावला नव्हता; ते सरळ त्याच्या पोरांकडे गेलं होतं.

श्रावणरावांकडे ते त्यांच्या आईबापांपैकी कुणाकडून तरी आलेलं, म्हणजे इंदूबाईकडेही असू शकतं, असं रश्मींनी सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी माधवीनं बडनेऱ्याहून गाडी धरली आणि वडिलांना न सांगता अकोल्याला गेली.

इंदूबाईनं दार उघडलं. सुकलेली, ताठ म्हातारी. माधवीला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"श्रावन्या मेला का?" तिनं विचारलं.

"नाही, आत्या. स्वप्निल गेला."

म्हातारी दारातच खाली बसली. मग म्हणाली, "आत ये."

भिंतीवर शीलाचा हार घातलेला फोटो होता. तिच्या लग्नातलाच, हळद लागलेला चेहरा. माधवी बघतच राहिली. "हे कधी झालं?"

"धा वर्सं झाली. पोटानं गेली. तुमाले कोन सांगनार? मी त म्हनत होती, श्रावन्यानं माह्या अंगनात उभं राहून तोंडातून काढलं ना, तेच लागलं माह्या लेकराले. रोज त्याले शिव्या दिल्या मी. रोज."

माधवीनं सगळं सांगितलं. रक्ताचं, मिलिंदचं, स्वप्निलचं, स्वतःचं. इंदूबाई ऐकत होती, पण चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसलं नाही. "म्हंजे कोनीच काही केलं नाही?" ती शेवटी म्हणाली. "मंग भांडू कोनासंग?"

तेवढ्यात पिंटू आला. आत्याचा उरलेला मुलगा, अडतीसचा, मोटार वाइंडिंगचं दुकान होतं त्याचं. लहानपणी माधवीच्या मागे मागे फिरायचा. "ताई!" म्हणत त्यानं तिचे दोन्ही हात धरले. जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाला. इंदूबाईनं भाकरी टाकल्या, वांग्याचं भरीत केलं. ताट समोर आलं तेव्हा माधवीचा हात आपोआप थबकला. पंचवीस वर्षांची सवय. इंदूबाई टक लावून बघत होती. माधवीनं घास मोडला आणि खाल्ला. भरीत तिखट होतं, चांगलं होतं.

मग तिचं लक्ष पिंटूच्या ताटाकडे गेलं. त्यानं चतकोर भाकरी खाऊन ताट सरकवलं होतं.

"एवढंच?"

"पोट भरलं, ताई. आजकाल असंच होऊन राहिलं. ॲसिडिटी हाये."

 इंदूबाईच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं होतं. दोघींची नजर एकमेकींना भेटली आणि लगेच बाजूला झाली.

पिंटू रक्त द्यायला तयार होईना. माधवीनं रोज फोन करून करून त्याला निदान दुर्बिणीनं तपासून घ्यायला लावलं. अकोल्यातच तपासणी झाली. त्यानं रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली हसरा चेहरा: साधी सूज, बाकी सगळं ठीक. माधवीनं फोन लावला. "पिंटू, याच्यात ते दिसत नाही रे. नागपूरला चल. तिथं बरेच तुकडे घेऊन तपासतात."

"ताई, तुले आता जिकडं तिकडं तेच दिसून राहिलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, कीव होती. "दिवाळीचं काम हाये दुकानात. मंग पाहू."

तिची स्वतःची दुर्बिणीची तपासणीही स्वच्छ आली होती. तरी तिनं शस्त्रक्रियेची तारीख घेतली. आता वडिलांना सांगणं भाग होतं.

एका सकाळी ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, रिपोर्ट केव्हाचाच आला. ते तुमच्याकडून आलं आहे. आजी-आजोबांपैकी कुणाकडून तरी तुमच्यात उतरलं. मिलिंदला कुणी काही चारलं नव्हतं. इंदूआत्याची शीलाही त्यानंच गेली."

श्रावणरावांनी पेपर खाली ठेवला. "कोन म्हनते?"

"रक्त म्हणते."

"खोटं हाये," ते म्हणाले. मग उठले, चप्पल घालून बाहेर गेले आणि दुपार कलेपर्यंत आले नाहीत. आल्यावर समतानं ताट वाढलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी माधवी ओरडली, "खा, बाबा! तुमाले काही झालेलं नाही!" तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती आपल्याच शब्दांना घाबरली.

"तेच त," ते हळूच म्हणाले. "मले काहून नाही झालं?"

माधवीचं जठर काढलं. शुद्धीवर आल्यापासून आयुष्यभराचं जेवण बदललं. वाटीभर खायचं, चावून चावून, दिवसातून कितीतरी वेळा, आणि तरी मध्येच घाम फुटून अंथरुणावर पडायचं. काढलेल्या जठराची तपासणी झाल्यावर डॉ. रश्मी स्वतः खाटेजवळ आल्या. "सात ठिकाणी सापडलं," त्या म्हणाल्या. "अगदी बारीक. अस्तराच्या बाहेर गेलेलं नाही. वेळेवर आलात."

जी दुर्बीण तिच्या पोटात जाऊन सगळं ठीक म्हणाली होती, तशीच पिंटूच्याही पोटात गेली होती. माधवीनं पडल्या पडल्याच अकोल्याला फोन लावला. इंदूबाईनं उचलला.

"पिंटूले पानीबी उतरून नाही राहिलं," ती म्हणाली.

पिंटू फाल्गुनात गेला. श्रावणराव अकोल्याला जायचं म्हणाले तेव्हा माधवीला नीट चालवत नव्हतं, तरी ती आणि समता सोबत गेल्या. त्याच अंगणात, जमलेल्या लोकांसमोर, ते बहिणीपुढे उभे राहिले. हातातली टोपी चुरगाळत होते.

"बाई," ते म्हणाले, "माहं चुकलं. मी सगळ्याइसमोर बोल्लो होतो, म्हून सगळ्याइसमोर सांगतो. तू काही केलं नव्हतं."

इंदूबाईनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "हे तवाच बोल्ला असता," ती म्हणाली, "त येनंजानं राहिलं असतं आपलं. माही शीला गेली तवा तुले मिलिंद आठवला असता. आठवला असता का नाही? दोन घरांत एकच रोग हाये, हे कोनाच्या तरी ध्यानात आलं असतं. माहा पिंटू काय, तुहा स्वप्निल काय." तिनं पदर सावरला. "बस आता. उभा नको राहू."

ते बसले.  तिन्हीसांज होईपर्यंत ते तिच्या बाजूला बसून होते आणि तिनं त्यांना उठवलं नाही.

परतीच्या गाडीत श्रावणराव डोळे मिटून होते. समता आईशेजारी बसली होती. मूर्तिजापूर गेल्यावर ती म्हणाली, "आई, मी रश्मी मॅडमला फोन केला होता. पुढच्या महिन्यात अठरा होतात ना मले. नंबर लावला."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू थांब म्हटलं असतं."

माधवीनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण ते खरं होतं. पिंटूला जीव तोडून जे सांगितलं ते या पोरीला सांगायला तिची जीभ वळली नसती. परीक्षा होऊ दे, उन्हाळा जाऊ दे, असंच काहीतरी ती म्हणाली असती.

समोरच्या बाकावर श्रावणरावांनी डोळे उघडले होते. ते नातीकडे बघत होते. तिच्या कपाळाकडे, नाकाकडे, हनुवटीकडे, जणू आपलं तिच्यात काय काय उतरलंय ते शोधत होते. समताच्या ते लक्षात आलं. ती खिडकीकडे वळली.

ठरल्या दिवशी नागपूरला तिघंही गेली. समतानं हात पुढे केला, सुई जाताना डोळे मिटले नाहीत. रक्ताची छोटी नळी भरली, तिच्यावर नाव चिकटवलं गेलं. तीन आठवडे लागतील, तिथली बाई म्हणाली.